उसाच्या वाटेवरच्या शैलाताई

शैलाताईंच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर, त्या दुकान चालवत होत्या तोवर, पूर्ण वर गेलेलं मी कधी पाहिलं नाही. कंबरेच्या थोडं वर, बस्स. गिऱ्हाइकाला वाकून आत जावं लागे. उंच माणसं डोकं आपटून घेत आणि मग चोळत चोळत नंबर तपासायला बसत. मी एकदा म्हटलं, "ताई, पूर्ण वर करा की ते. दुकान बंद आहे असं वाटतं लोकांना."

"अगं, वर ढकलायचं आणि परत खाली ओढायचं, दोन्हीत वेळ जातो," त्या म्हणाल्या. "अर्धं असलं की एका हातानं ओढून पळता येतं."

नाशकात रविवार कारंज्याच्या मागच्या गल्लीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, साडीचे फॉल, लेस, बटणं. त्यांचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या फोनची रिंग त्या भिंतीतून मला स्पष्ट ऐकू यायची आणि ती वाजली की मलाच धस्स व्हायचं. कारण पुढचं सगळं ठरलेलं होतं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग शटरचा खडखडाट, मग माझ्या काउंटरवर आदळलेली किल्ली. "कल्पना, बघ गं जरा!" आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांची मोपेड सुरू झालेली असायची. डिकीत गोणपाट, दोर, जाड हातमोजे, एक लांब आकडा आणि उशीचे जुने अभ्रे. अभ्रे सापांसाठी.

वय पन्नाशीच्या आसपास. अंगानं काटकुळ्या, उन्हानं रापलेल्या, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. पायात कायम कॅनव्हासचे बूट. हातावर ओरखडे इतके, की नवीन गिऱ्हाईक त्यांच्या हातातून फ्रेम घेताना क्षणभर थबके. दुकान वडिलांच्या हातचं. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि मी विचारलं नाही. तसंही कुठल्याच विषयावर त्यांचं वाक्य शेवटापर्यंत जायचं नाही. अर्ध्यात नजर रस्त्यावर, मग फोनवर, मग आभाळात. चहा उभ्यानं. डबा सकाळी दोन घास, दुपारी दोन घास, आणि उरलेली पोळी संध्याकाळी मोपेडवर बसता बसता गुंडाळी करून. खुर्चीत बसल्याच, तर उजवा गुडघा सारखा हलायचा. समोर बसलेल्या माणसाला वाटे, आपल्यालाच घाई झाली आहे.

त्यांना कुणी 'प्राणिमित्र' म्हटलं की त्या वैतागायच्या. गणपतीत मंडळाच्या पोरांनी सत्कार ठेवला, स्टेजवरून तसं पुकारलं, तर माइक हातात घेऊन म्हणाल्या, "मैत्री दोन्ही बाजूंनी असावी लागते. साप माझा मित्र नाही. मी त्याची हमाल आहे. इथून उचलते, तिथे ठेवते." नारळ घेतला आणि खाली उतरल्या. शाल स्टेजवरच राहिली. ती मी घरी नेली, धुतली आणि दिली, तर दुसऱ्या दिवशी त्याच शालीवर एक जखमी घुबड बसलं होतं.

त्यांच्या गिऱ्हाइकांची मला दया यायची. एकदा एक निवृत्त गुरुजी डोळे तपासायला आले होते. ताईंनी त्यांच्या नाकावर ती तपासणीची जड गोल फ्रेम चढवली, तिच्यात काचा अडकवल्या, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, आणि तेवढ्यात फोन आला. पंचवटीकडच्या एका शाळेत, खिचडी शिजवायच्या खोलीत नाग निघाला होता. ताई पळाल्या. बऱ्याच वेळानं माझ्या दुकानाच्या पायरीशी गुरुजी उभे. डोळ्यांवर ती फ्रेम तशीच, एका डोळ्याला काच, दुसऱ्याला काळी चकती. भिंत धरून आले होते.

"बाई," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "हे मी काढलं तर चालेल का? नंबर बिघडणार तर नाही?"

मी त्यांना बसवलं, चहा दिला. ताई परत आल्या तेव्हा मी रागावलेच. त्यांनी गुरुजींची माफी मागितली, मग तपासणी पुढे सुरू केली, आणि काचा बदलता बदलता त्या नागाची हकीकत सांगितली. मुलं घोळक्यानं खिडकीत उभी होती, कुणीतरी त्याच्यावर पातेलं पालथं घातलं होतं, पातेल्याखाली तो कसा फुत्कारत होता. गुरुजींना इतका रस वाटला, की पुढे दर महिन्याला चष्म्याचा स्क्रू सैल झाल्याचं निमित्त काढून ते यायला लागले. ताई मात्र बहुतेक वेळा नसायच्याच.

संक्रांत आली की त्यांना झोप नसे. आमच्याकडे पतंगांचं वेड मोठं आणि नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो मिळतोच. त्या दिवसांत ताईंच्या दुकानात फ्रेमच्या खोक्यांपेक्षा बुटांची खोकी जास्त असत. प्रत्येकाला भोकं पाडलेली आणि आतून खुडबूड. आरशात फ्रेम लावून बघणाऱ्या बाईंच्या मागून अचानक पंख फडफडल्याचा आवाज येई आणि बाई दचकून फ्रेम खाली टाकत. माझ्याकडून अस्तराचे तुकडे जात, बारीक कात्री जाई.

एका संक्रांतीला त्यांनी एक घार आणली. मांजा पंखात इतका खोल रुतला होता की पीस कुठलं आणि दोरा कुठला कळेना. त्यांनी मला तिचं डोकं रुमालानं झाकून धरायला लावलं. त्या कात्रीच्या टोकानं एकेक फेरा सोडवत होत्या आणि तोंडानं सतत पुटपुटत होत्या. आधी वाटलं मंत्र म्हणताहेत. मग कळलं, त्या शिव्या देत होत्या. मांजा बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला, पोरांना, पोरांच्या बापांना. पक्षी घाबरू नये म्हणून अगदी हळू, गोड आवाजात.

घार वाचली, पण पुन्हा उडण्यासारखी राहिली नाही. ताई तिला डॉक्टरांकडे सोडून आल्या त्या संध्याकाळी दुकानासमोर येरझाऱ्या घालत होत्या.

"जगली ना?" मी म्हटलं.

"हो. खाली बसून वर बघणार आता जन्मभर." आणि मग, "चल, निघते. सिडकोत एका गच्चीवर बगळा लटकलाय म्हणे."

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही एक शिक्षाच होती. तरी मी दोनतीनदा गेले. येवल्याच्या पुढे माळरानावर काळविटं आहेत, ती दाखवते म्हणाल्या. माझ्या नवऱ्याची गाडी, मी आणि त्या. नाशिक सोडून निफाडपर्यंत पोचायला आम्हाला अर्धी सकाळ लागली. कारण रस्त्यावर काही मेलेलं दिसलं की ताई गाडी थांबवायला लावायच्या. मुंगूस, कुत्रं, एक कोल्हा. हातमोजे घालून उतरायच्या, मागून हॉर्न वाजत असायचे, आणि त्या ते मढं ओढत पार रस्त्याच्या खाली, झुडपात नेऊन टाकायच्या.

"अहो, मेलंय ते ताई," माझा नवरा शेवटी म्हणाला. "आता त्याचं काय वाचवायचंय?"

"त्याचं नाही. त्याला खायला घार येईल, दुसरा कोल्हा येईल. रस्त्यावर बसून खाईल, आणि मागून तुमच्यासारखा कुणीतरी येईल." एवढं बोलून त्यांनी गाडीचं दार लावलं. त्यानंतर माझे यजमान न सांगता थांबायला लागले.

विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आम्ही अडकलो. ताई उतरल्या आणि रांगेच्या कडेनं चालायलाच लागल्या. ट्रॅक्टरवाल्यांशी बोलत, कुणाच्या शेतात काय दिसतं ते विचारत. आमची गाडी सुटली तेव्हा त्या पार पुढे पोचल्या होत्या आणि एका म्हाताऱ्याकडून त्यांनी बातमी आणली होती की नदीकाठच्या उसात मादी व्यायली आहे, बिबट्याची. पिल्लं दोन की तीन यावर म्हाताऱ्याचं आणि त्याच्या पोराचं भांडण चाललं होतं.

काळविटं दिसली. पिवळ्या गवतात तीन नर, मान ताठ करून उभे. मला वाटलं, आता तरी या बाई शांत होतील. पण ताईंचं लक्ष त्यांच्या पलीकडे होतं. नव्या विहिरी कुठे खणल्यात, तारेची कुंपणं कुठवर आलीत, कुत्री किती आहेत. "सुंदर आहेत ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हो गं. उन्हाळ्यात पाणी कुठे पिणार पण ही?" सौंदर्य बघायला लागणारी सवड त्यांच्याकडे नव्हती. परतताना त्या गाडीत झोपल्या, आणि झोपेतही त्यांचा गुडघा हलत होता.

नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला बिबट्या नवा नाही. गोदाकाठचा सगळा पट्टा उसाचा. उसात मादी विते, पिल्लं उसातच वाढतात, त्यांना तेच जंगल वाटतं. ऊस तुटला की उघड्यावर येतात. निफाड तालुक्यातल्या अशाच एका गावातून ताईंना फोन आला. विहिरीत बिबट्या पडला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांनी पुरेसं सोसलं आहे.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. माझी नणंद त्याच बाजूला दिलेली, तिच्याकडे जायचं होतं म्हणून मोपेडवर मागे बसले होते. दुपारचं ऊन. मळ्यातल्या विहिरीभोवती अख्खं गाव जमलं होतं. पोरं कठड्यावर चढून मोबाइल खाली धरत होती. वनखात्याची माणसं आली होती, पण त्यांना विहिरीपर्यंत जायला वाट मिळेना. ताईंनी आधी फक्त एकच काम केलं. गर्दी मागे सारली. त्या काटकुळ्या बाईच्या अंगात इतका आवाज कुठून आला कोण जाणे.

मी एकदा खाली डोकावले. पाण्यात कपारीला पंजे रुतवून ते जनावर लोंबकळत होतं. भिजून अगदी बारीक झालेलं. तोंड उघडं, पण आवाज येत नव्हता. दमलं होतं.

खाट चारी पायांना दोर बांधून खाली सोडायची ठरली. खाट कुणाची? ज्यांची विहीर त्या घरातली म्हातारी पुढे आली. कौतिकबाई. "माझी न्या," म्हणाली. खाटेवरचं अंथरूण तिनं स्वतः गोळा केलं. दोर धरायला पुरुष होतेच, तरी ती पदर खोचून त्यांच्यात उभी राहिली. ताई म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाजूला व्हा."

"का गं? माझ्या हिरीत पडलाय तो," म्हातारी म्हणाली. "बुडून मरणं लय वाईट. काढू त्याला."

तिची सहा-सात वर्षांची नात, आरोही, घराच्या दारात आईच्या पदराला धरून उभी होती. सारखं विचारत होती, "आजी, तो चावंल का गं?" गुलाबी फ्रॉक होता अंगात. मला ते आठवतं कारण त्याची लेस सुटली होती आणि मी सवयीनं तिकडेच बघत होते.

बिबट्या खाटेवर चढला. वर येता येता कठड्याशी पोचला, एक झेप घेतली आणि पिंजऱ्यात न जाता बाजूनं थेट उसात. लोक किंचाळले, मग टाळ्या वाजल्या. ताईंनी म्हातारीला मिठी मारली. परतताना मोपेडवर त्या गाणं म्हणत होत्या. भसाडा आवाज. मी त्यांना गाताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

ऊसतोड सुरू झाल्यावर, एका दिवेलागणीला, आरोही घरामागे गेली आणि परत आली नाही.

मला नणंदेकडून कळलं. मी शेजारच्या दुकानात गेले. ताईंना आधीच कळलं होतं. फोन काउंटरवर पडला होता, बंद केलेला. त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचा गुडघा हलत नव्हता. ते बघून मला जास्त भीती वाटली.

"तोच असेल का गं?" त्यांनी विचारलं.

"ताई, कसं सांगणार? तिकडे एक आहे का बिबट्या?"

"मी रेंजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तोही असेल, दुसराही असेल." त्यांनी हात टेबलावर पालथे ठेवले. "आपल्याला कधीच कळणार नाही, कल्पना."

मी सांगितलं, जाऊ नका तिकडे इतक्यात. लोक चिडलेत. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या, आणि मी त्यांना एकटं जाऊ देणार नव्हते.

अंगणात बाया बसल्या होत्या. आरोहीचा बाप संजय, तिशीतला, आम्हाला बघून उठलाच. "ही! हीच ती बाई! हिनंच वर काढला त्याला!" दोघांनी त्याला धरलं. तो ओरडत होता, "तुमाला जनावरं लागत्यात, आमची पोरं नाय लागत! जा तुमी नाशकाला! जा!" ताई जागच्या हलल्या नाहीत. आतून सविता, आरोहीची आई, एकदा दारात आली, आमच्याकडे बघितलं न बघितलं, आणि परत गेली.

मग कौतिकबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. ताई त्यांच्या पायाशी बसल्या. म्हणाल्या, "आजी, मी त्याला काढलं."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती बराच वेळ ताईंच्या डोक्यावरच्या बारीक केसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोर मी बी धरला व्हता बाई." आणि आत निघून गेली.

त्यानंतर ताईंनी सगळ्या फोनना नाही म्हणायला सुरुवात केली. साप निघाला, नाही. माकड तारेला चिकटलं, नाही. दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्यायच्या. गिऱ्हाइकांना चष्मे वेळेवर मिळायला लागले. गुरुजी आले, त्यांनी काही हकीकत विचारली, तर ताईंनी त्यांचा स्क्रू घट्ट करून दिला आणि "झालं" म्हणाल्या. मला वाटलं, हळूहळू सावरतील. पण भिंतीपलीकडून मला येरझाऱ्यांचा आवाज यायचा. दुकान केवढंसं, तीन पावलं गेलं की वळावं लागे. दिवसभर ती पावलं.

एक दिवस दुपारी त्या किल्ली घेऊन आल्या. "त्या वस्तीवरची पोरं शाळेतून उसाच्या वाटेनं येतात," त्या म्हणाल्या. "शाळा सुटते तेव्हा उन्हं कलतात. वाट लांब आहे."

"मग?"

"मग काय. जाते."

रोज जायला लागल्या. दुपारी दुकान बंद, एसटीनं निफाड, तिथून मिळेल ते वाहन. सोबत एक स्टीलचं ताट आणि पळी. बिबट्याला आवाज नको असतो, माणसं येताहेत हे आधी कळलं तर तो बाजूला होतो, एवढं साधं गणित. पण पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी संजय काठी घेऊन उभा होता. "या बाईसंगं आमची पोरं जायची नाय," तो म्हणाला. ताई बरं म्हणाल्या. आणि एकट्याच पुढे निघाल्या. ताट बडवत, उसाच्या मधून, वस्तीपर्यंत. मागून बऱ्याच अंतरावर संजय आणि वस्तीवरच्या आयाबाया पोरांना घेऊन आल्या. असे कितीतरी दिवस गेले. त्या पुढे एकट्या, गाव मागे. वस्ती आली की ताई वळून त्याच वाटेनं त्यांच्या शेजारून परत जायच्या, नजर खाली घालून. सविता तेवढी एकदा थांबली होती आणि तिनं पाण्याची बाटली पुढे केली होती, असं ताईंनी मला सांगितलं.

वनखात्यानं पिंजरा लावला होता. एका सकाळी त्यात बिबट्या सापडला. बातमी पसरली तशी गर्दी जमली, आणि त्या गर्दीत काहींच्या हातात कोयते होते, एकाच्या हातात रॉकेलचा कॅन. सरकारी गाडी यायला उशीर होता. ताईंना म्हातारीनं फोन करवला. त्या पोचल्या तेव्हा संजय पिंजऱ्याच्या अगदी जवळ उभा होता. पुढचं मला कौतिकबाईंनीच सांगितलं.

ताई पिंजऱ्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या नाहीत, की कुणाला कायदा सांगितला नाही. संजयच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आत तो जाळीला धडका देऊन देऊन तोंड रक्ताळून घेत होता.

"हाच का तो?" संजयनं त्यांच्याकडे न बघता विचारलं.

"माहीत नाही, दादा."

"तुमी इतकी वर्षं हे करता. तुमाला कळत नाय?"

"नाही कळत. हा असेल. नसेलही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणणार नाही, आणि याला वाचवायला नाहीही म्हणणार नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे पेटव ना, संजू! काय इचारतो तिला!" संजय तसाच उभा राहिला. मग त्यानं मागे वळून त्या माणसाच्या हातातला कॅन घेतला. ताईंनी डोळे मिटले. संजयनं तो कॅन बांधावर नेला, उपडा केला, आणि रिकामा झाल्यावर तिथेच खाली बसून रडायला लागला. मुलगी गेल्यापासून तो रडला नव्हता. गाडी आली, पिंजरा घेऊन गेली. कुणी अडवलं नाही.

ताईंनी त्यानंतर दुकान एका ओळखीच्या तरुणाला चालवायला दिलं आणि शाळेजवळ एक खोली भाड्यानं घेतली. आता भिंतीपलीकडून रिंग येत नाही. शटर पूर्ण वर असतं. मला दुपारी करमत नाही.

गेल्या थंडीत मी तिकडे गेले. शाळेसमोरच्या टपरीवर ताई भेटल्या, उभ्यानंच चहा घेत होत्या. आणखी वाळलेल्या, पण डोळ्यांत पुन्हा ती धावपळ. त्यांनी मला भराभर सगळं दाखवलं. वस्तीवरच्या घरांना मागच्या अंगाला दिवे लागले होते, संडास घराला जोडून बांधले होते, घराजवळचा ऊस थोडा मागे सारला होता. कुत्री रात्री आत घ्यायची, कोंबड्या झाकायच्या, हे त्या घरोघरी सांगत फिरत होत्या. "अजून त्या बाजूच्या चार वस्त्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "मग नदीपलीकडचं गाव. त्यांनी बोलावलंय. पण इकडचं सोडून..." वाक्य अर्ध्यात राहिलं.

शाळा सुटायची वेळ होत आली होती. संजय येऊन टपरीच्या बाकावर बसला होता. आणि फोन वाजला. चांदवडच्या बाजूला एका शेततळ्यात तरस पडलं होतं, प्लॅस्टिकवरून पाय घसरत होता, वर चढता येत नव्हतं. ताईंनी फोन कानाला लावून शाळेच्या फाटकाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. मग पुन्हा फाटकाकडे. कप हातात तसाच. मला त्यांचा गुडघा हलताना दिसला.

"जा की," संजय म्हणाला.

"पोरं सुटतील आत्ता."

"मी हाये ना." त्यानं उठून त्यांच्या पिशवीतून ताट आणि पळी काढून घेतली. "जावा. पाण्यात लय दम धरवत नाय जनावराला."

ताईंनी एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग मोपेडला किक मारली. माझा निरोप घ्यायचं त्यांना सुचलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

घंटा झाली. पोरं बाहेर आली, सगळ्यांत मागे पहिलीतली एक धाकटी पोर; त्यांनी रांग धरली, आणि संजय ताट वाजवत पुढे निघाला. ताईंची मोपेड वळणापर्यंत गेली होती. तिथे ती एकदम थांबली. ताई सीटवर अर्धवट उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि त्या गर्दी हटवणाऱ्या आवाजात ओरडल्या, "दादा, त्या धाकटीला मधे घ्या!"

संजयनं तिला आधीच मधे घेतलं होतं.